घरातली स्मार्ट उपकरणे आणि घरची माहिती: कोणती द्यावी, कोणती रोखावी आणि ते प्रत्यक्ष कसे करावे

गेल्या दिवाळीत कऱ्हाडला आईच्या घरी नवा टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या मुलाने भिंतीला भोके पाडून स्टँड तंतोतंत सरळ बसवण्यात पाऊण तास घालवला. त्याचे काम अतिशय नेटके होते. मग टीव्ही सुरू झाला, पडद्यावर एकामागून एक पाच पाने आली आणि त्याने रिमोटचे मधले बटण पाच वेळा दाबून ती पाने पाच सेकंदांत मागे टाकली. ‘‘काय होते ते?’’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘काही नाही काका, सगळीकडे असेच करतात.’’ रात्री सेटिंग्जमध्ये जाऊन मी ती पाने पुन्हा उघडली. पाचांपैकी एक वापराच्या अटींचे होते आणि तेवढेच टीव्ही चालण्यासाठी आवश्यक होते. उरलेली चार पाने म्हणजे आई काय पाहते याची नोंद ठेवण्याची, तिचा आवाज कंपनीकडे पाठवण्याची, तिच्या आवडीनुसार जाहिराती दाखवण्याची आणि ही माहिती इतर कंपन्यांना देण्याची परवानगी होती. आईला यातले काहीच विचारलेले नव्हते.

स्मार्ट उपकरणांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. बटण घरातला एक जण दाबतो, कधी कधी तर घराबाहेरचा माणूस दाबतो, आणि माहिती मात्र घरातल्या सगळ्यांची जाते. तीत आजारी आजोबांची, शाळकरी मुलांची, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची आणि पाहुण्यांचीही माहिती असते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न हाताशी ठेवावा: या उपकरणाला त्याचे काम करण्यासाठी ही माहिती खरोखर लागते का? बल्बला आपल्या फोनमधले नाव-क्रमांक लागत नाहीत. दारावरच्या बेलला दार दिसावे लागते, पण जिन्यातले बोलणे ऐकावे लागत नाही.

घरात काय काय जोडलेले आहे, याची यादी

एक वही घ्या आणि वायफायला किंवा फोनमधल्या एखाद्या ॲपला जोडलेली प्रत्येक वस्तू तीत लिहा: टीव्ही, टीव्हीला लावलेली स्टिक, कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, दारावरची बेल, स्पीकर, बल्ब, प्लग, गीझर, एसी, फरशी झाडणारा रोबो, वजनकाटा, मनगटावरचा फिटनेस बँड, मुलांचे घड्याळ. त्यानंतर राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची जी यादी दिसते, ती आपल्या यादीशी ताडून पाहा. आमच्या घरी वहीत नऊ वस्तू भरल्या होत्या आणि राउटर चौदा दाखवत होता. जास्तीच्या पाचांत शेजारच्या मुलाचा फोन होता आणि भाऊ जाताना कपाटात ठेवून गेलेला, अजूनही चार्जिंगला लावलेला एक जुना टॅबही होता.

प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहाव्यात: ती काय पाहते, ऐकते किंवा मोजते, तिचे खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर किंवा ईमेलवर उघडले आहे, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, आणि इंटरनेट बंद केले तर तिचे मूळ काम चालते का. चौथ्या रकान्यामुळे बरेच निर्णय सोपे होतात. एसी रिमोटवर चालतो, गीझर बटणावर चालतो आणि वजनकाटा आकडा त्याच्या पडद्यावरच दाखवतो. ज्या वस्तूची इंटरनेटची सोय घरात कोणी वापरतच नाही, तिची वायफाय जोडणी काढून टाकणे हा या सगळ्या लेखातला सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना आपण किंमत आणि वॉरंटी पाहतो. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. खाते न उघडता उपकरण चालते का? कॅमेरा असेल तर चित्रण घरातल्या मेमरी कार्डावर साठवता येते, की कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवावे लागते? सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आहेत, हे कंपनीने लेखी सांगितले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे बहुधा नसते. ते कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे आणि तिथेही सापडले नाही तर तेच उत्तर समजावे.

सीसीटीव्हीच्या बाबतीत ग्राहकाच्या हाती आता एक चांगले साधन आले आहे. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे निकष ठरवून दिले असून एप्रिल २०२५ पासून त्यांची चाचणी बंधनकारक झाली आहे. ‘एसटीक्यूसी’ ही सरकारी यंत्रणा अशी प्रमाणपत्रे देते. दुकानदाराला मॉडेल क्रमांकाचे प्रमाणपत्र दाखवायला सांगावे आणि जुना साठा म्हणून स्वस्तात मिळणारा कॅमेरा टाळावा.

मुलांच्या बोलक्या खेळण्यांबाबत मी कठोर आहे. जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. तिथल्या कायद्यानुसार ती छुपे ऐकण्याचे साधन ठरली आणि पालकांना ती निकामी करायला सांगण्यात आले. इंटरनेटशी जोडलेले आणि माइक असलेले खेळणे घरात आणूच नये, असे माझे मत आहे.

राउटर आणि पाहुण्यांचे वायफाय

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने काही अवघड केले नाही. कारखान्यातून येतानाच ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकेका उपकरणावर वापरून पाहत होता. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास नीट चालेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना यातले काहीही कळले नव्हते, कारण त्यांचे कॅमेरे नेहमीसारखेच चालू होते.

राउटरचे दोन पासवर्ड असतात आणि अनेकांचा इथेच गोंधळ होतो. एक वायफायला जोडण्याचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा, जो कारखान्यातून आला तसाच वर्षानुवर्षे राहतो. राउटर उलटा करून खालचा स्टिकर पाहा. त्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकून आत जावे आणि सर्वांत आधी हा दुसरा पासवर्ड बदलावा. स्टिकरवर काही नसेल किंवा आत शिरता येत नसेल, तर वायफायवाल्याकडून तो मागून घ्यावा. पैसे आपण भरतो, त्यामुळे हे मागण्यात संकोच नसावा. आत गेल्यावर घराबाहेरून राउटर चालवण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि बटण किंवा छोटा आकडा वापरून वायफायला जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ या सोयी बंद कराव्यात, सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ वर आहे ना हे पाहावे आणि फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामचे, अपडेट आले असेल तर घ्यावे.

यानंतर ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे त्याच राउटरवरचे वेगळे वायफाय, सुरू करावे. ही सोय पाहुण्यांसाठी असली, तरी तिचा खरा उपयोग बल्ब, प्लग, कॅमेरे, गीझर अशा वस्तू वेगळ्या ठेवण्यासाठी होतो. बँकेचे व्यवहार होणारा फोन आणि कामाचा लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर ठेवावा आणि बाकी सगळे पाहुण्यांच्या नेटवर्कवर न्यावे. उद्या एखादा स्वस्त प्लग कोणी ताब्यात घेतला, तरी त्याला लॅपटॉपपर्यंत सहज पोहोचता येणार नाही. इथे दोन अडचणी येतात. यातली बरीच उपकरणे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात, म्हणून गेस्ट नेटवर्क त्या पट्ट्यात सुरू करावे. शिवाय टीव्ही गेस्ट नेटवर्कवर आणि फोन मुख्य नेटवर्कवर असेल, तर फोनमधले फोटो टीव्हीवर दाखवता येत नाहीत. आमच्याकडे नातवंडांचे फोटो पाहणे हा रोजचा कार्यक्रम असल्यामुळे टीव्ही मी मुख्य नेटवर्कवरच ठेवला आणि त्याची बाकीची दारे बंद केली. प्रत्येक घराने असा हिशेब आपापला करावा.

जोडणीच्या वेळी फोन जे मागतो ते

नवे ॲप उघडले की ते ठिकाण, संपर्क, माइक, कॅमेरा, फोटो असे एकामागून एक मागू लागते. यातल्या ठिकाणाच्या मागणीमागे पुष्कळदा तांत्रिक कारण असते, ते समजून घेतले म्हणजे नेमके वागता येते. जुन्या अँड्रॉइडमध्ये जवळपासचे ब्लूटूथ उपकरण शोधायलासुद्धा ठिकाणाची परवानगी लागत असे. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही वेगळी परवानगी आली. वायफायचे नाव वाचण्यासाठीही काही ॲप ठिकाण मागतात. तेव्हा जोडणी होत नसेल तर ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना फक्त’ या पर्यायाने द्यावी, ‘अचूक ठिकाण’ शक्य असेल तिथे बंद ठेवावे आणि बल्ब किंवा प्लग एकदा लागला की सेटिंग्जमधल्या ‘परमिशन मॅनेजर’मध्ये जाऊन ती काढून घ्यावी. संपर्कांची परवानगी बल्ब, पंखा, गीझर यांच्या ॲपला कधीच देऊ नये. संपर्क यादीत इतरांचे क्रमांक असतात आणि ते देण्याचा अधिकार आपल्याला त्या माणसांनी दिलेला नसतो.

खाते उघडण्यासाठी वेगळा ईमेल पत्ता तयार करून तो फक्त घरातल्या उपकरणांसाठी वापरावा. जन्मतारीख, लिंग, व्यवसाय हे रकाने ऐच्छिक असतील तर रिकामे सोडावेत. आणि हे सगळे घरातल्या कोणीतरी करावे. बसवायला आलेल्या माणसाला चहा द्यावा, पण संमतीच्या पानांच्या वेळी रिमोट किंवा फोन आपल्या हातात घ्यावा.

टीव्ही

अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने फेब्रुवारी २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय पाहतात याची सेकंदागणिक नोंद ठेवली आणि ती माहिती विकली. ग्राहकांना याची नीट कल्पना दिलेली नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यू जर्सी राज्याने हे प्रकरण हाती घेतल्यावर कंपनीने २२ लाख डॉलर देऊन ते मिटवले. या तंत्राला ‘एसीआर’ म्हणजे पडद्यावरचा मजकूर आपोआप ओळखणे असे म्हणतात. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे ठसे घेतो आणि सर्व्हरवरच्या संग्रहाशी ताडून कार्यक्रम ओळखतो. केबलवरचा कार्यक्रमही यातून सुटत नाही. २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींवर प्रयोग केले, तेव्हा एचडीएमआयच्या तारेने लॅपटॉप जोडून टीव्हीचा नुसता पडद्यासारखा वापर केला तरी हे ठसे पाठवले जात असल्याचे दिसले. मात्र सेटिंग्जमधून संमती काढून घेतल्यावर ही पाठवणी थांबलेली आढळली. पाच मिनिटांचे काम इतके परिणामकारक ठरते, म्हणून ते टाळू नये.

सॅमसंगच्या टीव्हीवर सेटिंग्जमध्ये ‘टर्म्स अँड प्रायव्हसी’ शोधून ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’ आणि आवडीनुसार जाहिरातींची खूण काढावी. एलजीवर ‘लाइव्ह प्लस’ बंद करावे आणि ‘यूजर ॲग्रीमेंट्स’मध्ये जाऊन पाहण्याची माहिती, आवाजाची माहिती आणि जाहिराती यांच्या खुणा एकेक करून काढाव्यात. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर ‘प्रेफरन्सेस’मधील ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’मध्ये उपकरणाच्या वापराची, ॲप वापराची आणि जाहिरातींची अशी तीन बटणे असतात. गूगल टीव्ही असलेल्या इतर कंपन्यांच्या टीव्हीवर ‘प्रायव्हसी’मध्ये जाहिरात ओळख, म्हणजे जाहिरातींसाठी टीव्हीला दिलेला क्रमांक, पुसून टाकावी, ‘यूसेज अँड डायग्नॉस्टिक्स’ बंद करावे आणि त्याखेरीज टीव्ही कंपनीच्या स्वतःच्या संमतीचे वेगळे पान कुठे आहे ते शोधावे. मोठ्या अपडेटनंतर ही नावे आणि जागा बदलतात, म्हणून त्या दिवशी पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

कॅमेरा

कॅमेऱ्याबाबत अधिक सविस्तर लिहितो, कारण चुकांचे परिणाम सर्वांत गंभीर इथेच होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामच्या माध्यमातून विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांपैकी काही जण लातूर आणि सांगलीचे होते. कॅमेरा यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असा ठेवलेला होता, असे तपासातून पुढे आले. त्या स्त्रिया आपल्या प्रकृतीसाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि एक पासवर्ड बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही म्हणून त्यांच्या वाट्याला हे आले.

आपल्याकडचा सर्वसाधारण प्रकार असा, की कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरचे खाते स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडतो आणि आपल्या फोनवर फक्त पाहण्याची सोय करून देतो. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असे नाही. बिघाड झाला तर लांबून पाहता यावे, हे तो खरेच सांगतो. पण खात्याचा मालक तोच राहतो, आपल्या घराची आतली बाजू त्याच्या फोनमध्ये राहते आणि उद्या त्याने धंदा बदलला तरी ती तशीच राहते. आमच्या आईकडे दोन वर्षे असेच चालले होते. यावर उपाय असा: ॲपमध्ये ‘डिव्हाइस ओनर’ कोण आहे ते पाहावे, दुसराच कोणी असेल तर त्याला फोन करून उपकरण त्याच्या खात्यातून मोकळे करायला सांगावे, मग ते आपल्या क्रमांकावर जोडावे आणि त्यानंतर ॲडमिनचा पासवर्ड बदलावा. हा क्रम पाळावा. नुसता पासवर्ड बदलला आणि खाते त्याचेच राहिले, तर उपयोग होत नाही. बसवताना राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले असेल तर ते बंद करायला लावावे, कारण त्यामुळे डीव्हीआर बाहेरच्या जगाला थेट उघडा राहतो. ओटीपीने होणारी दुहेरी पडताळणी सुरू करावी. घरातल्या दुसऱ्या माणसाला पाहायचे असेल तर आपला पासवर्ड देऊ नये. ॲपमधल्या ‘शेअर’ने त्याला फक्त थेट दृश्य पाहण्यापुरती परवानगी द्यावी.

कॅमेरा कुठे लावायचा, हा पासवर्डाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. आई एकदा न्हाणीघराच्या दारात पडली, तेव्हा आम्ही भावंडांनी घाबरून माजघरात कॅमेरा लावला. चार महिन्यांनी बहिणीकडून कळले, की दुपारी केस विंचरायला बसताना आई त्यावर रुमाल टाकते आणि मग कधी कधी काढायला विसरते. तिला तो नको होता आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नव्हती. आम्ही तो काढून बाहेरच्या दाराकडे लावला. आत फ्रिजच्या दाराला आणि मागच्या दाराला उघड-मीट सांगणारे छोटे सेन्सर बसवले. सकाळी साडेसहाला फ्रिज उघडला, म्हणजे तिने दूध काढले, हे मला पुण्यात कळते. आठ वाजेपर्यंत उघडला नाही तर मी फोन करतो. तिची काळजी घ्यायला तिचे चित्र लागतच नव्हते. आईवडील इथे आणि मुले अमेरिकेत किंवा दुबईत, अशी किती तरी घरे आहेत. त्यांनी कॅमेरा लावण्यापूर्वी आईवडिलांशी बसून बोलावे आणि त्यांनी नको म्हटले तर ते मानावे. कोलकाता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका निकालात म्हटले, की घराच्या आत राहणाऱ्या इतरांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणे हा त्यांच्या खासगीपणाच्या अधिकाराचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात त्या निकालात हस्तक्षेप केला नाही.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना कॅमेरा कुठे आहे आणि तो आवाज टिपतो का, हे मराठीत स्पष्ट सांगावे. गरज नसेल तर आवाज टिपणे बंदच ठेवावे. सदनिकेच्या दारावरचा कॅमेरा समोरच्यांच्या दारावर रोखलेला असेल, तर ॲपमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने त्यांचे दार काळे करता येते. चित्रण सात किंवा पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाईल असे ठेवावे.

बोलका स्पीकर

स्पीकर हाक मारण्याचा ठरावीक शब्द ओळखण्यासाठी सतत कान देऊन असतो. तो शब्द उपकरणातच ओळखला जातो आणि त्यानंतरचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरवर जाते. चुकून तसा शब्द ऐकू आला असे त्याला वाटले, तरी पुढचे बोलणे जाते. २०१९ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांत सुधारणेच्या कामासाठी माणसे यातल्या काही ध्वनिफिती ऐकत असल्याचे बाहेर आले. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी बेमुदत ठेवल्याच्या आणि पालकांची पुसण्याची विनंती नीट न पाळल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

ॲलेक्साच्या ॲपमध्ये ‘मोअर’, मग ‘ॲलेक्सा प्रायव्हसी’ असे जावे. तिथे आवाजाच्या जुन्या नोंदी ऐकता येतात आणि त्या एकदा जरूर ऐकाव्यात, कारण आपल्या घरातले कोणते बोलणे गेले आहे याची कल्पना त्यावाचून येत नाही. मग नोंदी किती काळ ठेवायच्या तो पर्याय सर्वांत कमी मुदतीवर न्यावा आणि आवाज कंपनीच्या सुधारणेसाठी वापरण्याची परवानगी काढावी. गूगलच्या स्पीकरसाठी खात्यातल्या ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये आवाजाची खूण काढून तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याचा पर्याय निवडावा. घरात वैद्यकीय किंवा पैशाचे बोलणे असेल, तेव्हा माइक बंद करण्याचे बटण दाबावे किंवा सरळ प्लग काढावा. शयनगृहात स्पीकर ठेवू नये.

मनगटावरचे घड्याळ

स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून, वाळवंटात धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा उजळून लष्करी तळ ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. आपण सैनिक नसलो, तरी रोज पहाटे साडेपाचला धावणे कुठून सुरू होते यावरून घर कळते आणि घरी कोणी नसल्याची वेळही कळते. ॲपमध्ये प्रोफाइल खासगी करावे, नकाशावर घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असल्यास ती वापरावी आणि पाळीच्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या नोंदी विमा कंपनीच्या किंवा ऑफिसच्या ‘निरोगी राहा’ योजनेला जोडण्यापूर्वी सवलत किती आणि माहिती कोणती जाणार, हे लेखी मागावे.

कायद्याने काय मागता येते

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ग्राहकाला थेट उपयोगी पडणारी बहुतेक कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. या कायद्यानुसार संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, संमती देणे जितके सोपे असेल तितकेच ती काढून घेणे सोपे असावे लागेल, आणि सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती संमती धरली जाईल. कायद्यातच उदाहरण दिले आहे: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी सल्ल्यासाठी संपर्क यादी लागत नसल्याने तेवढी संमती गणली जात नाही. १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई असेल. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती या कायद्यात येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचा वाद आधी शेजाऱ्याशी आणि सोसायटीत सोडवावा लागेल.

तोपर्यंत २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढावी लागते. पत्र लांबलचक नको. मी असे लिहितो:

‘‘माझ्याकडे आपल्या कंपनीचे अमुक मॉडेल आहे आणि त्याचे खाते या ईमेलवर आहे. माझी कोणती वैयक्तिक माहिती आपल्याकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे कळवावे. पाहण्याची नोंद, आवाज आणि जाहिराती यांसाठीची माझी संमती मी आजपासून काढून घेत आहे. उपकरण चालवण्यासाठी आवश्यक नसलेली माहिती पुसून तसे लेखी कळवावे.’’

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खात्यात कोणी शिरल्याचा किंवा चित्रण बाहेर गेल्याचा संशय असेल, तर उपकरणाचा प्लग काढावा, पडद्याचे फोटो जपून ठेवावेत आणि १९३० वर फोन करून किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे.

उपकरण विकताना, देताना किंवा भंगारात टाकताना

हे काम घाईत राहून जाते. आधी ॲपमधून उपकरण आपल्या खात्यातून काढावे, मग उपकरणावर ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, म्हणजे ते कारखान्यातून आले तसे कोरे करावे, आणि सर्वांत शेवटी, त्या कंपनीचे दुसरे काही घरात नसेल तर, खाते पुसण्याची विनंती करावी. नुसते ॲप फोनमधून काढल्याने खाते आणि त्यातली माहिती जागेवरच राहते. जुना कॅमेरा विकत घेतला असेल तर तोही आधी रीसेट करूनच लावावा. अमेरिकेत २०१९ मध्ये गूगलच्या ‘नेस्ट’ या जुन्या कॅमेऱ्यांत असा दोष सापडला होता, की रीसेट करूनही आधीच्या मालकाला नव्या घराची चित्रे दिसत होती. कंपनीने तो नंतर दुरुस्त केला. कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड आणि डीव्हीआरमधली हार्ड डिस्क काढून घ्यावी, ती भंगारवाल्याला देऊ नये. भाड्याचे घर सोडताना राउटर, बेल आणि कुलूप यांची खातीही याच क्रमाने मोकळी करावीत आणि नव्या घरात पहिल्या दिवशी, सामान लावण्यापूर्वी, आधीच्या भाडेकरूने किंवा मालकाने मागे ठेवलेले असे काही जोडलेले नाही ना, हे राउटरच्या यादीत पाहून घ्यावे.